एकशे बारा तास

साइटवर तिला सगळे तारीखबाई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. तिलाही त्याचं काही वाटत नसे. वीस वर्षं जिने दुसरं काही केलं नाही, नुसत्या कामांच्या तारखा लावल्या, तिला आणखी काय म्हणणार? कोणतं काम कधी सुरू झालं, कधी संपणार, कुणामुळे कोण अडलं, हे सगळं तिच्या कॉम्प्युटरवर आडव्या रंगीत पट्ट्यांनी मांडलेलं असे. घरीही तीच तऱ्हा. फ्रिजच्या दारावर मुलीच्या परीक्षांचा तक्ता, सासूबाईंच्या गोळ्यांचा तक्ता. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "लग्नाला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो, अजून माझ्या नावावर लाल पट्टी आहे." ती हसायची, पण उशीर तिला खरंच सोसत नसे. कुणी नुसतं "बघू" म्हटलं तरी तिच्या मस्तकात तिडीक जायची.

यावेळी शाळेची इमारत होती. चारशे पोरं एका पत्र्याच्या गोदामात बसून शिकत होती, आणि साहेबांनी शाळेला शब्द देऊन टाकला, तीन आठवडे आधी चाव्या देतो. शब्द देणारा मोकळा, निस्तरायचं कुणी? तारीखबाईने! तिने कामं एकमेकांत सरकवली, एकामागून एक होणारी दोन-दोन एकदम लावली, सगळ्या साइटला दोन पाळ्या लावल्या. एकवीस दिवस काढून दाखवले बाईने! साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि नवं वेळापत्रक छापून मजल्यामजल्यावर चिकटवलं.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या मिस्त्रींनी. हे सुतारांचे म्होरके. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्या आणि टेकू लावायचे, आणि स्लॅब पक्का झाला की काढायचे, हे त्यांचं काम. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी टेकू तीन दिवस जास्त ठेवले होते, "अजून कच्चं वाटतंय" म्हणून. तारीखबाईने त्या तीन दिवसांना लाल रंग दिला आणि यादी साहेबांकडे पाठवली. साहेबांनी पंचवीस माणसांदेखत मिस्त्रींना झापलं. "इथे कागद चालतो. तुम्हाला काय वाटतं ते घरी जाऊन सांगा." पांढऱ्या केसांचा माणूस खाली मान घालून निघून गेला. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पुढच्या आठवड्यात लाल पट्टी दिसली नाही, याचं जरा बरंही वाटलं. खोटं कशाला बोला?

त्या दिवशी सकाळी ती ऑफिसच्या कंटेनरमध्ये चहाचा कप घेऊन बसली होती. स्लॅब ओतताना त्याच मालाचे ठोकळे भरून ठेवतात आणि ठरावीक दिवशी फोडून ताकद बघतात; त्याची चिठ्ठी टेबलावर येऊन पडली होती. 'चौथा मजला, सभागृह. वय सात दिवस.' ती फाइलला लावताना तिची नजर समोरच्या वेळापत्रकावर गेली. आजचं काम: सभागृह, टेकू काढणे.

सात दिवसांत? मध्ये एकही खांब नसलेला एवढा मोठा हॉल, त्याला चौदा दिवस लागतात. आणि चौदा हा आकडा तिने स्वतः टाकला होता, स्वतःच्या हाताने!

तिने ती पट्टी उघडली. सात. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो मेला कॉम्प्युटर दिवस मोजतच नव्हता, तास मोजत होता. आठ तासांचे चौदा दिवस म्हणजे एकशे बारा तास. तिने दोन पाळ्या लावल्या, दिवस सोळा तासांचा झाला, आणि एकशे बारा तास सात दिवसांत संपले. अहो, माणसं दोन पाळ्या करतात, काँक्रीट करतं का? ते आपलं सावकाश घट्ट होत राहतं, त्याला ओव्हरटाइम देऊन काय उपयोग! आणि त्या स्लॅबवर, तिच्याच वेळापत्रकाप्रमाणे, कालपासून विटांच्या थप्प्या चढल्या होत्या.

तिने मिस्त्रींना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. कामाला हात घातला की ते फोन पिशवीत टाकत. ती धावत सुटली. दुखऱ्या गुडघ्याने, हेल्मेट हातातच, जिना चढत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मिस्त्रींची आठही माणसं पायऱ्यांवर बसलेली.

"तुम्ही इथे? मग वर कोण आहे?"

"मिस्त्री एकटेच आहेत. म्हणाले, हाक मारेपर्यंत कुणी वर पाऊल टाकायचं नाही."

वरून हातोड्याचा आवाज येत होता. ती हॉलमध्ये पोचली तेव्हा भिंतीकडची एक रांग निघाली होती आणि मिस्त्री दुसरीतल्या पहिल्या टेकूवर हातोडा उगारून उभे होते.

"थांबा! मिस्त्री, हात लावू नका!"

"आज तारीख आहे, ताई."

"तारीख चुकलीय!"

"कागदावर तर आहे."

"कागद मीच केलाय ना? मीच चुकले!"

हातोडा खाली येईना. "साहेबांना विचारा आधी. चार लोकांत पुन्हा ऐकून घ्यायची ताकद नाही माझ्यात."

तिने तिथेच फोन लावला, मोठ्या आवाजावर. धाप लागली होती, तरी एका दमात बोलली, "साहेब, हॉलचे टेकू अजून सात दिवस राहणार. वरच्या विटाही उतरवायच्या. हिशेब माझा चुकला. एकवीस नाही, चौदाच दिवस वाचतात."

"अहो, शुद्धीवर आहात का? मी शाळेला शब्द दिलाय!"

"शब्द तुम्ही दिलाय, स्लॅबने नाही दिला. मिस्त्री ऐकतायत. थांबा म्हणून त्यांना तुम्हीच सांगा."

मग साहेबांचा आवाज आला, "थांबा, मिस्त्री."

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. मान वर करून स्लॅब या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला, कुठे चीर दिसली नाही. काढलेली रांग पुन्हा उभी करायला त्यांनी टेकू उचलला. तिने पुढे होऊन तो धरला.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्हणून त्यांना खाली बसवलंत."

"चाळीस वर्षं हेच करतोय, ताई. सात दिवस मोजता येतात मला. आठ जणांना याच्याखाली घालायला मन धजलं नाही."

"अहो, मग बोलायचं ना! मला एक शब्द तरी बोलायचा!"

मिस्त्री टेकूचा पेच आवळत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"बोललो होतो की," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावर."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळे नव्हते. ती टेकू घट्ट धरून उभी राहिली.