पाणकराच्या मुलीची बांधी

त्या बांधीत दुसऱ्या कुणाच्या वाटणीचं पाणी कधीच गेलं नव्हतं. हे मी तेव्हाच छापील अक्षरांत सांगायला हवं होतं.

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास मी आमगावजवळच्या एका खेड्यात शिक्षक होतो. मूळचा गोंदिया शहरातला, त्यामुळे शेतीतलं काही कळत नव्हतं. रविवारी पॅसेंजरने गोंदियाला जायचो आणि वाचनालयातून अमेरिकन कथांचे मराठी अनुवाद आणायचो. त्यांत राजे नव्हते, शूर तरुण नव्हते. शेतमजूर, कपडे धुणाऱ्या बायका, खाणीतली माणसं आपापल्या अडाणी बोलीत बोलत होती. प्रस्तावनेत लिहिलं होतं की यादवी युद्धानंतर तिथल्या लेखकांना गोडगोड कथांचा वीट आला आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहू लागले. जे पाहिलं तेच लिहावं, पदरचा रंग लावू नये. मला ते इतकं पटलं की मी वही घेऊन गावात फिरू लागलो.

धान निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडू लागल्या, की तलावाचं पाणी पाळीपाळीने एकेका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, सोडत. कुणाला कधी आणि किती, हे पाणकर ठरवायचा. आमचा पाणकर म्हातारा होता, तो तलाव बांधणाऱ्यांच्याच घराण्यातला. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारचा झाला, तरी पाण्याच्या बाबतीत त्याचाच शब्द चाले. मी आठ दिवस रोज सकाळी त्याच्या मागे हिंडलो. तो बांधीत उभा राही आणि पाणी घोट्यावर आलं की फावड्याने माती ओढून बांधीचं तोंड बंद करी. खोकता खोकता बांध पोखरणाऱ्या खेकड्यांना बोले, "फुकट्याहो, आज तुमची पाळी नाही!"

हे सगळं मी जसंच्या तसं लिहिलं. पण गोष्ट संपेना. त्या अमेरिकन कथांत चांगल्या माणसालाही कुठेतरी एक चीर असायची. म्हणून मीही एक पाडली. म्हाताऱ्याची मुलगी गावातच दिलेली होती. तिच्या बांधीत तो पाणी नडगीपर्यंत चढू देतो आणि दुसरीकडे पाहत राहतो, असं लिहिलं. त्या बांधीत पाणी सोडताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

गोष्ट नागपूरच्या एका मासिकात आली. मीच ती शाळेच्या पडवीत वाचून दाखवली. नाव नव्हतं, पण दोन ओळींतच लोक हसू लागले. "अरे, हा त आपला बुढा! खोकला बी तोच!" मुलीच्या बांधीपाशी आलो आणि हसणं थांबलं. एका शेतकऱ्याने विचारलं, "गुरुजी, हे पाहून लिवलं का जी?"

तिथे नाही म्हणायचं होतं. पण माझ्या डोक्यात ती प्रस्तावना होती, आणि थोडी हवाही. "पाहिल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही," मी म्हणालो.

मग मला कळलं की पाणकराच्या स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या बांधीची पाळी सगळ्यांत शेवटी असते. तो नियम पाळतो म्हणूनच गाव त्याचं ऐकतं.

दुसऱ्या दिवशी गाव चावडीवर जमलं. मी धावत गेलो आणि मुलीच्या बांधीचं ते माझ्या मनाचं आहे म्हणून सांगितलं.

"मंग खोकला मनाचा हाये का?"

"नाही."

"खेकड्याइले बोलते, ते?"

"ते खरं आहे."

"मंग येवढंच खोटं कसं जी? म्हाताऱ्याले कायले वाचवून राहिले?"

मी कथा म्हणजे काय ते समजावू लागलो. कुणीतरी जांभई दिली. म्हातारा उठला. फावडं चावडीच्या पायरीला टेकवलं आणि ते तिथेच सोडून निघाला. बाहेर मला म्हणाला, "गुरुजी, आठ दिवस माह्या मांगं फिरले. एक डाव इचारलं असतं, त सांगतलं असतं मी."

गावाने नवा पाणकर नेमला. लोक आपल्यालाही नावं ठेवतील म्हणून तो घाबरत होता. पुढच्या वर्षी त्याने त्या मुलीच्या बांधीत पाणी सोडलंच नाही. लोंब्या पोचट निघाल्या. मी तेव्हा अमेरिकेतल्याच पुढच्या पिढीतल्या लेखकांच्या कथा वाचत होतो. त्यांत माणूस परिस्थितीच्या लोंढ्यातली काडी असतो, कुणाचाच दोष नसतो. काही महिने मी त्यांच्या आड लपलो. पण शाळेची वाट त्या बांधीवरूनच जायची.

एक दिवस म्हाताऱ्याची मुलगी शाळेत आली. "मंग आता दुसरं छापा ना, गुरुजी. का ते खोटं होतं म्हणून."

मी लिहिलं. या वेळी पदरचं काहीच घातलं नाही. संपादकांनी ते परत पाठवलं. लेखन प्रामाणिक आहे, पण यात कथा नाही, असं पत्रात होतं.

विहिरीवर ती विचारायची, "आलं का जी छापून? बाबा रोज इचारते."

"पुढच्या अंकात," मी सांगायचो. तीन-चार महिने हेच चाललं. मग मी बदलीचा अर्ज केला. सौंदड मिळालं. निघालो त्या सकाळी बैलगाडीत सामान चढवत होतो, तर ती डोक्यावर भारा घेऊन तिथेच थांबली. "अंक आला त पाठवजा, गुरुजी. बाबाले वाचून दाखवाले कोनी भेटन."

मी हो म्हटलं.