मास्तर, बेडूक आणि रविवारची प्रार्थना

देवाची आणि बेडकाची एकाच दमात काळजी वाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे जव्हारातले आमचे शेजारी, शाळेत शास्त्र शिकवणारे मास्तर. संस्थान विलीन झाल्यावर मी कचेरीत कारकून म्हणून बदलून आलो आणि त्याच सुमाराला ते नगरकडून शाळेत आले. आमच्या दोन घरांत भिंत एकच होती. मास्तर मराठी ख्रिस्ती. गावात ख्रिस्ती घरं पाच, माणसं एकवीस. त्यांची रविवारची प्रार्थना मास्तरांच्या ओटीवर होई आणि ती मास्तरच चालवीत. वर्गात बेडूक चिरण्याआधीसुद्धा ते मुलांना उभं करून बेडकासाठी प्रार्थना करीत. एकदा कामानं शाळेत गेलो असता मी घड्याळ लावून पाहिलं, चार मिनिटं झाली. तेवढ्यात बेडूक खिडकीतून पसार झाला. मास्तरांनी डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, "ऐकली म्हणायची."

माणूस माकडापासून झाला असं कोणी बोललं की ते त्याला रस्त्यात थांबवीत. "माकडापासून नव्हे. त्याचा आणि आपला पूर्वज एक." हे सांगण्यासाठी न्हाव्यापुढे अर्ध्या दाढीवर मान वळवून त्यांनी गाल कापून घेतल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. शेतकऱ्यांकडून मागून आणलेली नाचणीची, म्हणजे इकडच्या नागलीची, कणसं ते, बियाणं निवडत गेलं की पीक कसं बदलतं हे मुलांना दाखवायला, ओटीवरच्या दोरीला टांगून ठेवीत. त्यांची बायको माझ्या बायकोला म्हणे, "यांची उत्क्रांती वाळते, वहिनी, आणि माझी लुगडी ओली राहतात."

शेवटी ही गोष्ट पाळकांच्या, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंच्या, कानावर गेली. ते चार-सहा महिन्यांनी नाशिकहून मोटारीनं येत. या खेपेला आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मास्तर, हे शाळेत शिकवायचं आणि रविवारी प्रार्थना चालवायची, दोन्ही कसं जमतं?" मी ओटीवरच होतो. साखरशेतचा एक म्हातारा शेतकरी कणसं घेऊन आला होता, तोही बसला होता. मास्तर त्याच्याकडे वळले. "बाबा, ही नागली कोणी केली?"

"देवानं. दुसरं कोन करील? पन बियाणं आमी निवडतो. आजा निवडायचा, बाप निवडायचा. तव्हा तं कणीस एवढं झालं."

"शेतात हा निवडतो. रानात कोण निवडतो?" पाळक म्हणाले.

"रानात देव निवडतो. फक्त घाई करत नाही," मास्तर म्हणाले.

"आणि पवित्र शास्त्रातले सृष्टीचे सहा दिवस?"

"सूर्य चौथ्या दिवशी झाला, पाळकसाहेब. आधीचे तीन दिवस कशावर मोजले?"

मला हिशेब बिनचूक वाटला. पाळकही हसले. मग म्हणाले, "माझं मी बघेन हो. पण आपल्या मंडळीतल्या कंपाउंडरची आई रडत होती. म्हणाली, मी जनावराच्या जातीची असेन तर प्रभू माझ्यासाठी कशाला मेला? तिला मी काय सांगू?"

"तिला मीच सांगायला हवं होतं," मास्तर म्हणाले.

"मग शाळेत हे शिकवणार नाही एवढं लिहून द्या. प्रार्थना तुमच्याकडेच राहील."

"सोमवारी खोटं शिकवून रविवारी देवापुढे कसा उभा राहू?" असं म्हणून त्यांनी आतून प्रार्थनेचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणलं आणि पाळकांच्या हातात दिलं.

पुढच्या रविवारपासून प्रार्थना कंपाउंडरच्या घरी होऊ लागली. मास्तर एकही रविवार न चुकवता जात आणि दाराशी, त्या म्हातारीशेजारी बसत. आठवड्यातून दोनदा संध्याकाळीही तिच्याकडे जात. ते तिला काय सांगत ते मला ठाऊक नाही. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. मोटार सुटायच्या आधी म्हातारी सुनेचा हात धरून स्टँडवर आली.

"मास्तर, तुमचं ते अजून माझ्या डोक्यात शिरलेलं नाही."

"नसू द्या, आई."

"पण आज प्रार्थना तुम्ही करा."

"पाळकांनी—"

"पाळकांना मी सांगते. करा."

मास्तरांनी टोपी काढली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. एकेकाचं नाव घेऊन मास्तरांनी मागणं मागितलं: म्हातारीसाठी, कंपाउंडरसाठी, पाळकांसाठी, घाटात सांभाळून जावं म्हणून ड्रायव्हरसाठी. शेवटी माझंही नाव आलं. आमच्या घरी देवपूजा रोज होते आणि ती मीच करतो. पण माझं नाव घेऊन देवाकडे कोणी काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.