बदकं बुडाली ती गोष्ट

…अगं हो, तिचंच सांगतेय, माझ्या धाकट्या जावेचं. तोफ म्हणायचे तिला सगळे. ती बोलायला लागली की पलीकडच्या बांधावरची माणसं वळून बघायची. लिही, लिही, ती काही रागवायची नाही.

दर पुरात पीक जायचं आणि तिच्या कोंबड्याही जायच्या. अंड्यांवर तर घर चालायचं तिचं. मग शेतीखात्याची एक बाई आली. म्हणाली, "काकू, कोंबड्या सोडा, बदकं पाळा. पाणी आलं तरी तरंगतील." तोफेला पटलं. दीर चिडवायचे, "आता तूही पोहायला शीक." ती म्हणायची, "शिकते की, तुम्हाला काठावर ठेवून!"

त्या वर्षी भरदुपारी पाणी चढलं. आम्ही सगळे टेकावरच्या शाळेत पळालो. बाकीच्या बायका कोंबड्यांसाठी रडतायत, आणि ही पाय पसरून बसलेली. "माझी बघा, मजेत पोहत असतील!"

पाणी ओसरल्यावर आम्ही दोघी चिखल तुडवत घरी गेलो. अंगणात चिडीचूप. खुराडं जागच्या जागी, जाळी शाबूत, दाराला कडी. आत बघितलं. सगळी बदकं वरच्या जाळीला चोची लावून मेलेली. बुडून! अगं, बदकं पाण्यात बुडून! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

कडी तिनेच लावली होती निघताना. जन्मभर बोक्याच्या भीतीनं लावत आली, हात आपोआप गेला. तरंगतात हे त्या बाईनं सांगितलं. दार उघडायचं ना तिनं सांगितलं, ना आम्हाला सुचलं. तोफेनं कडी काढली, परत लावली, परत काढली. तोंडातून शब्द नाही. आजही आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. बदकांपेक्षा तिच्या त्या गप्प राहण्यानं.

पुढे बरेच दिवस तशीच. मग एका सकाळी दिरांवर ओरडली, "रिकामी पिंपं आणा!" आम्हाला हायसं वाटलं बघ. पिंपांवर खुराडं बांधलं आणि लांब दोरानं झाडाला अडकवलं, पाणी चढलं की तेही चढावं म्हणून. कडी उपटून टाकली. दाराला नुसती सुरगाठ, ओढली की सुटणारी. पाणी आलं की आधी गाठ ओढायची, मग आपण पळायचं.

तुझी आत्या बदकं आणतेय ना? नदीकाठीच राहते गं ती. लिहिणं राहू दे, आधी तिला फोन लाव. म्हणावं, आजीनं विचारलंय, खुराड्याला कडी आहे का?