बेटावर अडकलेली जनावरं

ताई लेकीला घेऊन उलव्याला माझ्याकडे राहायला आली तेव्हा शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलं होतं. दोन बॅगा, ताईची शिलाई मशीन आणि भाचीने छातीशी धरलेलं गेम खेळायचं यंत्र, एवढंच सामान. माझा फ्लॅट वन बीएचके. आतली खोली दोघींना दिली आणि मी हॉलमध्ये गादी टाकली. ताईने पहिल्याच दिवशी नवऱ्याबद्दल बजावलं, "त्याच्याकडे काही मागायचं नाही. फोनही करायचा नाही. जे लागेल ते आपलं आपण बघू." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो!

भाची चौथीत होती. तिने कुणालाच काही विचारलं नाही. शाळेतून यायची, हातपाय धुवायची आणि बाल्कनीच्या दारात बसून खेळ सुरू करायची. नवा विमानतळ झाल्यापासून आमच्या डोक्यावरून विमानं इतकी खालून जातात की पाहुणे बोलता बोलता थांबतात. ही मान वर करायची नाही.

खेळ असा की रानात, डोंगरात, नदीकाठी फिरायचं, चित्रविचित्र जनावरं पकडायची, त्यांना वाढवायचं, आणि दुसऱ्यांच्या जनावरांशी त्यांची लढत लावायची. तिचं सगळ्यात जुनं जनावर खेकड्यासारखं होतं, पाठीवर शेवाळ असलेलं. सुरुवातीला मुठीएवढं होतं, आता बैलाएवढं झालं होतं. त्याचं नाव तिनेच ठेवलेलं; ते मी इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

मला हा प्रकार नवा नव्हता. लहानपणी नेरूळला असताना बाबांनी कुणाकडून तरी असलंच एक जुनं, हातात मावणारं यंत्र आणलं होतं. तेव्हा खेळाची कॅसेट मिळायची. वर्ष-दीड वर्षात कंपनी तोच खेळ पुन्हा काढायची, नव्या कॅसेटमध्ये. गावं तीच, माणसं तीच, वर थोडी जास्त जनावरं आणि गोष्टीला एखादं नवीन वळण. पण आपण वाढवलेली जनावरं जुन्या कॅसेटमध्येच राहायची. ती पलीकडे न्यायला दोन यंत्रं आणि मधे वायर लागायची, आणि आमच्याकडे एकच यंत्र. ताईला त्याचं काही वाटायचं नाही. ती नवी कॅसेट घालून हौसेने पहिल्यापासून सुरू करायची. मी मात्र माझी पाळी आली की जुनीच घालायचो.

आता नवीन भाग इंटरनेटवरून उतरवून घेतात आणि तो असलेल्याच खेळाला जोडला जातो. भाचीच्या खेळाला असं एक बर्फाचं बेट आलं होतं. ते दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, घेऊन दिलं. तेव्हा ती तिघं ऐरोलीला एकत्र राहत होती आणि दाजी रबाळ्याला नोकरीला होते. त्या रविवारी मी तिथेच जेवायला होतो.

"पप्पा, पण माझी जनावरं?" तिने विचारलं होतं.

"ती कुठे जातायत? तुझ्याबरोबर बोटीत बसणार आणि बेटावर उतरणार. काहीच पहिल्यापासून करायचं नाही."

ती टाळ्या पिटत नाचली होती. दाजी माझ्याकडे बघून म्हणाले होते, "आपल्या वेळेला असं होतं का रे?" नव्हतं. मलाही हे बरं वाटलं होतं.

माझ्याकडे येऊन थोडे दिवस झाले असतील, मी कामावरून घरी आलो तर ती बाल्कनीच्या दारात नुसती बसलेली. यंत्र मांडीवर.

"मामा, हे उघडत नाहीये."

पडद्यावर पाटी आली होती. हा खेळ जिथे थांबवला आहे ती जागा जोडलेल्या भागातली आहे, तो भाग या यंत्रावर आता चालणार नाही, खरेदी केलेल्या अकाउंटने पुन्हा आत या. मूळ खेळ तिच्या कॅसेटवर होता, पण बेट दाजींच्या अकाउंटवरचं, आणि ते अकाउंट एका वेळी एकाच यंत्रावर चालतं. दाजींनी पुण्याला बदली करून घेतली होती आणि तिथे बहुतेक नवीन यंत्र घेतलं होतं. त्यांनी तिथे अकाउंट उघडलं तसं आमच्याकडे बेट बंद झालं. ती आणि तिची सगळी जनावरं नेमकी बेटावर होती.

"पप्पांनी मुद्दाम केलं?"

"नाही गं. त्यांना माहीत पण नसेल."

"मग त्यांना सांग ना."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ताई कुकर लावत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती वळली नाही.

मी न्हावा शेव्याच्या बंदरात क्लिअरिंग एजंटकडे काम करतो. अडकलेला माल सोडवणं हा माझा रोजचा धंदा, कुणाला भेटायचं आणि काय दाखवायचं ते मला कळतं. इथे भेटायला कुणीच नव्हतं. कंपनीच्या मदत केंद्राशी चॅट केलं. पलीकडचा फार अदबीने एकच वाक्य फिरवून फिरवून सांगत राहिला, की अकाउंट ज्यांचं आहे त्यांनीच संपर्क करावा. मी माझ्या नावाने अकाउंट काढून बेट पुन्हा विकत घेतलं. बेट उघडलं, पण रिकामं. बेटावर असेपर्यंत तिची जनावरं तिच्या वडिलांच्या अकाउंटखालीच जपलेली होती.

मग वाशीच्या दुकानात मला तोच खेळ नव्याने निघालेला दिसला. संपूर्ण आवृत्ती, बेटासकट सगळं एकाच कॅसेटवर. कुणाचं अकाउंट नको, इंटरनेट नको. मला वाटलं, सुटलो. रविवारी सकाळी ती दिली. भाचीने घातली, सुरू केली. सुरुवातीच्या गावातली म्हातारी बाई दारात आली आणि तिने नाव विचारलं. भाचीने तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि यंत्र बंद केलं.

"काय झालं?"

"ती मला विचारतेय, तू गावात नवीन आहेस का."

ताई बाजूलाच कपडे घडी घालत होती. म्हणाली, "मग कर की पहिल्यापासून. त्यात काय? आम्ही करायचो."

भाचीने तिच्याकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, "माझे तिकडे थांबलेत, आई."

ताई उठून आत गेली.  बाहेर आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "लाव फोन. पण अकाउंटच्या ओटीपीपुरतं. आकडे घ्यायचे आणि ठेवायचा."

मी जिन्यात जाऊन फोन लावला. "जयभीम, दाजी."

"जयभीम. बरी आहे ना रे ती?" आधी तेच विचारलं. मी सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं. ती सुट्टीत आली की तिला इथे खेळायला असावं म्हणून घेतलं मी हे. सध्या मीच खेळतोय. संध्याकाळी करणार काय?"

त्या दिवसापासून भाचीचे दाजींना संध्याकाळचे फोन सुरू झाले. अकाउंट आमच्या यंत्रावर उघडायचं तर ओटीपी दाजींच्या मोबाइलवर जायचा.

"पप्पा, ओटीपी."

"सांगतो. जेवलीस?"

"हो. ओटीपी."

"लिही. सात. आज शाळेत काय होतं?"

"चित्रकला. पुढे?"

"दोन. काय काढलंस?"

एकेका आकड्यामागे एकेक प्रश्न. कधी तेवढ्यात ओटीपीची वेळ संपायची, मग दुसरा मागवावा लागायचा. ताई त्या वेळी बाल्कनीत कपडे काढायला जायची, वाळले नसले तरी.

पण रात्रपाळी असली की दाजींचा फोन लॉकरमध्ये असायचा. आणि त्यांनी मधे खेळ उघडला की आमच्याकडचा बंद पडायचा. मग भाची यंत्र मांडीवर घेऊन बसायची आणि मी तिच्याकडे बघत बसायचो. शेवटी मी दाजींना सांगितलं, "तुम्ही स्वतःचं वेगळं अकाउंट काढा ना. तुम्ही तर आत्ताच सुरू केलंय. बेट लागलं तर मी घेऊन देतो."

"हो, काढतो. या रविवारी बसतो."

रविवार गेला. पुढचाही गेला. मी पुन्हा विषय काढला तेव्हा ते हळूच म्हणाले, "मग ती फोन कशाला करेल रे?"

 ताईला सांगितलं असतं तर ती भडकली असती, भाचीला सांगण्यासारखं ते नव्हतं. मी बरं म्हणून फोन ठेवला.

एका शनिवारी दुपारी ओटीपी घेऊन खेळ सुरू केल्यावर भाचीने मला विचारलं, "मामा, मी हे लावलं की पप्पांचं बंद होतं ना?"

"हो."

"म्हणजे आत्ता ते खेळत असतील तर त्यांचं मधेच गेलं?"

"गेलं असेल."

 मग तिने जनावरं गोळा करायला सुरुवात केली. बेटावरच्या गोठ्यांमधून एकेक काढून बोटीपाशी आणलं. मी शेजारी बसून बघत होतो. शेवाळवाला खेकडा बोटीत चढला, जुनी सगळी चढली. बेटावर पकडलेली मात्र चढेनात. पाटी आली की ही जनावरं जोडलेल्या भागाबाहेर राहू शकत नाहीत. त्यात एक पांढरं पिल्लू होतं, तिने तिथेच अंड्यातून काढलेलं. तिने त्याला पुन्हा पुन्हा बोटीपाशी नेलं. दर वेळी तीच पाटी.

"काही करता येईल का, मामा?"

"नाही गं."

तिने त्याला परत गोठ्यात सोडलं, खायला घातलं आणि बोट सोडली. अलीकडच्या बंदरावर उतरून तिने खेळ जपून ठेवला. आता तो कॅसेटवर एकटा चालणार होता, बेटाशिवाय, कुणाला न विचारता. बेट पप्पांचं झालं.

त्यानंतर संध्याकाळचे फोन थांबले. पाच-सहा दिवसांनी दाजींचा मला आला, मी ऑफिसातून निघतच होतो.

"तिला हल्ली ओटीपी लागत नाही का?"

मी जे झालं ते सांगितलं. 

"मला विचारलं पण नाही तिने," ते म्हणाले.

"तुमचं मधेच बंद पडतं म्हणून केलं तिने, दाजी."

"मला चाललं असतं रे."

"तुम्हीच करा ना तिला फोन."

"तुझी ताई उचलू देईल?"

 घरी येऊन मी भाचीला म्हटलं, पप्पा आठवण काढत होते, एकदा फोन कर. तिने हातातलं यंत्र खाली ठेवलं आणि आईकडे पाहिलं. ताई शिलाई मशीनवर वाकून सुईत दोरा ओवत होती. दोरा जात नव्हता.

"काय बोलू पण?" भाचीने मला विचारलं. "आता तर काही मागायचं नाहीये."