मोठ्या पेट्यांचा हळू आवाज

माझी आत्या छापखान्यात मशीनवर होती. त्या मशीनच्या धडधडीत माणसं एकमेकांशी हातवारे करूनच बोलायची. डावा कान आपण तिथंच ठेवून आलो, असं ती स्वतःच हसत सांगायची. निवृत्त झाल्यावर तिनं घरात एकच मागणी केली. तिला हळू आवाजात गाणं ऐकायचं होतं.

"मोठं ऐकून झालंय माझं," ती म्हणायची.

पण हळू ऐकणं आमच्या घरात सोपं नव्हतं. फळीवर दोन छोटे स्पीकर होते. आवाज कमी ठेवला की त्यांच्यातलं गाणं पेंगायला लागायचं. मग आत्या बटण थोडं वर न्यायची, गाण्यात जीव यायचा आणि पलीकडच्या खोलीत आबांना जाग यायची. आबा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. त्यांना दम्याचा त्रास. रात्र खोकण्यात जायची, झोप लागायची ती फक्त दुपारी. ती मोडली की खोकल्याची उबळ, आणि पाठ चोळत बसायची माझी आई. त्यामुळे आईनं गाणं बंद केलं तेव्हा तिला कुणी नावं ठेवली नाहीत. मी हेडफोन आणून दिला, तर एका कानाच्या माणसाला अर्धंच गाणं मिळतं म्हणून आत्यानं तो परत केला.

तिच्या छापखान्यातला बाइंडर मुलीकडे राहायला निघाला होता. निरोप घ्यायला आत्या त्याच्या घरी गेली, तिथं तिनं त्याचे स्पीकर ऐकले. जमिनीवर उभे, तिच्या छातीपर्यंत उंच. बाइंडर शेजारी बसून साध्या आवाजात बोलत होता, त्याचं बोलणं ऐकू येत होतं आणि गाणंही सगळं ऐकू येत होतं. मुलीच्या घरी इतकी जागा नाही, असं तो म्हणाला. चहा संपायच्या आत आत्या म्हणाली, "मला द्या."

टेम्पोतून पेट्या उतरल्या तेव्हा आई दारातच उभी होती.

"वन्सं, ही कपाटं आहेत तर दारं कुठं आहेत?"

आत्यानं समजावून पाहिलं. आईचं म्हणणं सरळ होतं: छोट्यांनी झोप मोडते, मग हे राक्षस काय करतील? बाबा नेहमीप्रमाणे तळ्यात मळ्यात करत पेपरामागे गेले. शेवटी आईनं अट घातली. आबा झोपलेले असताना लावून दाखवायचं. ते जागे झाले, तर रविवारी सुतार येणारच आहे, तो या पेट्यांच्या फळ्या करेल. आत्यानं अट मान्य केली.

आता इथं तिचा छापखाना आडवा आला. बाइंडरनं पेट्यांबरोबर त्याचा अँप्लिफायरही देऊ केला होता, जेवणाच्या डब्याएवढा. आत्यानं तो हसून नाकारला होता. तिनं जन्मभर पाहिलं होतं ते एकच, जेवढं मशीन मोठं तेवढी मोटर मोठी. सभागृहांत माइक-स्पीकर लावणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून तिनं भलाथोरला अँप्लिफायर उचलून आणला. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. मी सांगितलं की हे स्पीकर वेगळे आहेत, साध्या स्पीकरला जिथं वीस वॉट लागतात तिथं यांना एक वॉट पुरतो.

"तुझं कॉलेज राहू दे," आत्या म्हणाली. "कमी ताकदीची मोटर लावली की कागद फाटतो."

दुपारी आबांचा डोळा लागल्यावर तिनं मशीन चालू केलं. गाणं सुरू व्हायच्या आधीच दोन्ही पेट्यांतून सूंऽ असा आवाज यायला लागला. साध्या स्पीकरमध्ये हा आवाज लपून राहतो, यांच्यात काहीच लपत नाही. आत्यानं बटणाला केसभर धक्का दिला. काहीच नाही. आणखी केसभर, आणि भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. पलीकडून आबांचा खोकला ऐकू आला.

आई पाणी गरम करायला गेली.

आत्यानं त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन ती बसस्टँडवर गेली, बाइंडरच्या मुलीच्या गावी जायला. आत्या चूक कबूल करायला बसनं जाईल यावर बाबांचा विश्वास बसेना. तिकडं काय झालं ते तिनं नंतर हसतहसत सांगितलं. तिनं डबा मागितल्यावर बाइंडर म्हणाला, "तुम्ही कधी मला तुमच्या मशीनच्या शाईला हात लावू दिलात का? मग मी सांगून काय ऐकणार होतात?" मग त्यानं कपड्याच्या घडीतून अँप्लिफायर काढून दिला.

शनिवारी तिनं आईला गाठलं. आई आधी नाही म्हणाली. एकदा झालं ते पुरे झालं.

"तू आबांच्या उशाशी बस," आत्या म्हणाली. "त्यांची पापणी हलली तरी उद्या पेट्या सुताराला मी स्वतः देईन. करवतही मीच धरीन."

आई खुर्ची घेऊन आत गेली. आत्यानं तारा जोडल्या. लाल आणि काळी प्रत्येक तार मी तपासली आणि तिनं माझ्यामागून पुन्हा तपासली. बटण फिरवलं, खोली शांतच. मग बासरी सुरू झाली. सूर यायच्या आधी वादकानं घेतलेला श्वास आला, त्यामागून सूर. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येत होती. आत्या चांगला कान पुढं करून बसत असे, पण आज ती सरळ टेकून बसली होती. हात मांडीवर, बोटं आवळलेली, नजर आतल्या दारावर. मी दोनदा जाऊन डोकावले. आबा तोंड उघडं टाकून झोपले होते आणि आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

धून संपली. बऱ्याच वेळानं आई बाहेर आली, कपाळाला आठ्या.

"वन्सं, फसवताय का? लावलंच नाही ना अजून?"

आत्या उठली. तिनं आईला खांद्याला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि तीच धून पुन्हा लावली, बटणाला हात न लावता. पहिला श्वास आला तेव्हा आईनं मागं वळून पाहिलं, कुणी उभं आहे का म्हणून. मग ती बसून राहिली. पदर नीट करायला उचललेला हात तसाच राहिला. आतून आबांचं घोरणं येत होतं, एका लयीत, आणि बासरी त्याच्याही खालून चालली होती.

शेवटचा सूर विरल्यावर आई उठली.

"राहू देत," ती म्हणाली. "पण लावायचं ते आबा झोपलेले असतानाच. जागे असले की त्यांना बातम्या लागतात."

आत्यानं मान हलवली. आतून घोरणं चालूच होतं. तिनं आईचा हात धरून तिला परत खुर्चीत बसवलं आणि पुढची धून लावली.