वाया न गेलेली सायकल

निरगुडसरजवळच्या एका शाळेत सातवी पास झालेल्या मुलींना सायकली वाटल्या, पुढे दूरचे हायस्कूल गाठता यावे म्हणून. भाषणे इतकी लांबली की मुली मांडवातच दहावी होतील असे वाटले. माझ्या शेजारी एक मेंढपाळ बाई बसली होती. तिच्या लेकीला सायकल मिळाली. फोटो हलला म्हणून परत घेऊन पुन्हा दिली. विकत घ्यायच्या मेंढीची पाठ चाचपावी तसे बाईने सीट दाबून पाहिले.

“आता लेक आठवीला जाणार,” मी म्हणालो.

“जाईल की दिवाळीपतुर. मंग आमी मेंढरं घिऊन कोकणात उतरतो. पोरीची हितं ऱ्हायाची सोय करा म्हनलं व्हतं सायबाला. तर म्हनं, यंदा सायकलीच आल्यात.”

दिवाळीनंतर महाळुंगे पडवळच्या रस्त्यावर मेंढरांनी माझी गाडी अडवली. कळपामागे ती मुलगी सायकल ढकलत चालली होती. पुढच्या बास्केटात एक कोकरू होते, मागे कॅरियरवर भांड्यांचे बोचके. बाईने मला ओळखले.

“पावणं,” ती म्हणाली, “सायबाला सांगा, सायकल वाया न्हाई गेली.”