पहिल्या नमुन्याचे उत्तर

सरकारी कागदाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिलेल्या ‘चर्चा करावी’ या दोन शब्दांनी मला आयुष्यात जितके अस्वस्थ केले, तितके कोणत्याही परीक्षेच्या निकालाने केले नाही. रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन मी एका सरकारी प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा माझी अशी पक्की समजूत होती की मोजलेली गोष्ट सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. पदार्थ पाण्यात असतो किंवा नसतो. असला तर किती, एवढेच काय ते ठरवायचे.

आम्ही तेव्हा पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहत होतो. वडील कंपनीत पहिल्या शिफ्टला जात आणि त्यांच्यामागोमाग मी बस गाठत असे. माझी नेमणूक अजून कायम व्हायची होती आणि मला पुढे संशोधनाकडे वळायचे होते. त्यासाठी चांगला गोपनीय अहवाल हवा, हे मला पुरते ठाऊक होते.

त्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात चाकणच्या वाटेवरच्या एका वस्तीतून विहिरीच्या पाण्याचा नमुना आला. विहीर नवी होती. आमच्या भागातल्या एका समितीच्या अध्यक्षांनी आपल्या निधीतून ती खोदून घेतली होती आणि नारळ फोडून स्वतःच पहिली ओंजळ प्यायली होती. बाटली उजेडात धरली की पाण्यात पिवळसर झाक दिसे. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते ‘साहेब’ म्हणत, त्यांनी सांगितले, “लोह असेल, बघून टाका.” लोह नव्हते. त्या वस्तीच्या वरच्या अंगाला स्कूटरच्या भागांना चकाकी देणाऱ्या प्लेटिंगच्या शेड उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचे पाणी ओढ्यात सोडले जाते, हे मी बसच्या खिडकीतून रोज पाहत होते. म्हणून मी क्रोमियमची तपासणी केली. तीत नमुना जांभळा झाला, म्हणजे क्रोमियम होते. शंका नको म्हणून तपासणी पुन्हा केली. रंग तोच आला. प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे बरेच होते. अहवाल लिहून मी वर पाठवला आणि पुढच्या नमुन्याकडे वळले.

शिमग्याच्या सुमारास त्या वस्तीतले शाळामास्तर सायकलवरून आले. त्यांच्या अर्जाला कोर्ट फीचा स्टॅम्प लावलेला होता, अक्षर वळणदार होते आणि मागणी दोनच गोष्टींची होती: नमुना कोणत्या तारखेला घेतला आणि त्यात काय आढळले.

“शाळेतल्या दोन पोरांच्या तोंडात फोड आलेत,” ते म्हणाले. “एकाला हगवण थांबत नाही. डॉक्टर विचारतात, पाणी कसलं पितात आणि किती दिवसांपासून? मी काय सांगू?”

“गुरुजी, मुलांना ते पाणी देऊ नका,” मी म्हणाले.

“का, ते सांगा. अध्यक्षांच्या विहिरीचं पाणी पिऊ नका असं मी नुसतं तोंडानं सांगितलं, तर उद्या माझी बदली होईल आणि पोरं पाणी पीतच राहतील. मला कागद पाहिजे.”

उत्तर मला दशांश चिन्हासकट पाठ होते. पण ते साहेबांच्या सहीनेच जायला हवे होते. आठवड्याभरात मिळेल, असे मी त्यांना सांगितले, कारण मला तसे खरोखरच वाटत होते.

मी उत्तराचा मसुदा त्याच दुपारी साहेबांपुढे ठेवला. तो वाचून त्यांनी त्याला पिवळी चिठ्ठी लावली. “अभिप्रायाला पाठवू.”

“कोणाच्या?”

“अध्यक्षांच्या कार्यालयाच्या. विहीर त्यांच्या निधीतली आहे.”

“पण साहेब, क्रोमियमवर त्यांचा अभिप्राय काय असणार?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. एके काळी त्यांनीही उत्तम काम केले होते, असे जुने सहकारी सांगत. “मॅडम, रसायन तुमचं, वेळ त्यांची. निवडणूक होऊन जाऊ द्या.”

मसुदा परत आला तो समासातले ते दोन शब्द घेऊन. ही पद्धत मला हळूहळू कळली. अध्यक्षांच्या कार्यालयातून शाईने कधीच काही लिहून येत नसे. पेन्सिलीचा शेरा आला की साहेब फोन करत, फोनवर बोलणे होई, शेरा रबराने पुसला जाई आणि कागद पुन्हा वर जाई. कोणीही ‘देऊ नका’ असे लिहिलेले नसे. नकार कुठेच नव्हता, त्यामुळे त्याविरुद्ध दाद मागण्याची सोयही नव्हती. एखादी अभिक्रिया थांबवायची आणि थांबवणारा पदार्थ मात्र भांड्यात सापडू द्यायचा नाही, अशी ती युक्ती होती. तिच्या कौशल्याचे मला कौतुक वाटे आणि त्या कौतुकाचीच चीड येई.

गुरुजी दर आठवड्याला येत. आमचे लिपिक त्यांना पाहून म्हणत, “या गुरुजी, बसा. तुमच्या विहिरीपेक्षा तुमची फाईल खोल गेली बघा.” गुरुजी हसत नसत. मी माझ्या टेबलाशी मान खाली घालून काहीतरी मोजत असे. घरी आले की मला एका जागी बसवत नसे. आई म्हणे, “तू तुझं काम केलंस ना? मग भाताशी का भांडतेस?” मी मनाशी हिशेब मांडत असे: तोंडी सांगितले तर गुरुजींना त्याचा उपयोग नाही आणि माझी नोकरी जाईल, न सांगितले तर नोकरी राहील. हिशेब बिनचूक होता, आणि तरीही रोज मधल्या सुट्टीत मुले त्या विहिरीवर जात होती.

शेवटी घोटाळा केला तो अध्यक्षांच्याच माणसांनी. गुरुजींच्या फेऱ्यांमुळे वस्तीत कुजबुज सुरू झाली होती. ती निवडणुकीआधी मोडून काढावी म्हणून अध्यक्षांनी फेरतपासणीचा हुकूम दिला, आणि तीही प्रयोगशाळेत नव्हे, विहिरीवर, सर्वांसमक्ष. तयारी म्हणून त्यांच्या कार्यकर्त्यांनी पंप लावून विहीर तळापर्यंत उपसली आणि वर टीसीएल या जंतुनाशक पावडरची पोती रिकामी केली. पाणी खराब म्हणजे जंतू आणि जंतू म्हणजे पावडर, ही आमच्याकडची सार्वत्रिक श्रद्धा. पावडरीने क्रोमियम जात नाही. उलट, साठलेले पाणी काढून टाकल्यामुळे ओढ्याच्या बाजूचे ताजे पाणी झऱ्यांवाटे विहिरीत ओढले गेले असणार. साहेबांनी मला जाताना बजावले, “रंग दाखवा. निष्कर्ष बोलू नका.”

मी घरच्या नळाचे पाणी एका बाटलीत भरून बरोबर नेले होते.

विहिरीपाशी सतरंजी अंथरली होती. अध्यक्ष खुर्चीवर, माणसे उभी, बायका हंड्यांसकट एका अंगाला. “चला मॅडम, होऊन जाऊ द्या,” अध्यक्ष मोकळेपणाने म्हणाले. “आमच्या लोकांना विज्ञान दाखवा. गुरुजी, पुढं या राव, लांब का?”

मी दोन परीक्षानळ्या उभ्या केल्या. “या नळीत पिंपरीच्या नळाचं पाणी आहे. या नळीत आता तुमच्यासमोर काढलेलं विहिरीचं. दोन्हींत मी एकच औषध घालणार आहे.” आम्ल घातले, मग अभिकर्मकाचे थेंब. पिंपरीचे पाणी तसेच राहिले. विहिरीचे पाणी आधी गुलाबी झाले आणि पाहता पाहता पिकल्या जांभळासारखे गडद झाले.

मग एका म्हातारीने विचारले, “बाय, ह्यो रंग चांगला हाय का वंगाळ?”

मी अध्यक्षांकडे पाहिले नाही. “आजी, पिंपरीच्या नळाचं पाणी मी रोज पिते. तुमच्या विहिरीचं मी पिणार नाही.”

“आन् आमी पीत व्हतो ते?” मागून एका बाईने विचारले. “अध्यक्षसायेबांनी बी पेलंच की.”

“त्यांनी येकच वंजळ पेली,” दुसरी म्हणाली. “पुन्यांदा आलंत कुठं?”

बायका हसल्या आणि त्या हसण्याने सभेचे वजन एका क्षणात फिरले. अध्यक्षांना ते माझ्याआधी कळले. ते उठून उभे राहिले. “बघितलंत? म्हणूनच मी तपासणी लावली! मला पहिल्यापासून शंका होती. ही विहीर आजपासून बंद. उद्या टँकर, आणि पावसाळ्याआत नळ. शब्द आहे माझा.” टाळ्या पडल्या. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

महिनोन्महिने न हललेला कागद दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तयार झाला. त्याच कार्यालयातून, त्याच फोनवरून निरोप आला होता: उत्तर आजच द्या. मसुदा असा होता की माननीय अध्यक्षांच्या सूचनेवरून घेतलेल्या नमुन्यात क्रोमियम आढळले असून त्यांच्या आदेशाने विहीर बंद करण्यात आली आहे. एकही शब्द खोटा नव्हता.

“पहिला नमुना कुठे आहे यात?” मी विचारले.

“तो अभिप्रायाला गेलाय. परत आलेला नाही. परत आलेला नाही म्हणजे आपल्याकडे नाही.” साहेबांनी लेखणी माझ्याकडे सरकवली. “तपासणाऱ्या म्हणून तुम्हीही सही करा. टँकर सुरू झाला. तुम्हाला पाहिजे तेच झालं, मॅडम. आणखी काय हवंय?”

मला पाहिजे तेच झाले होते. पण मोजमाप जिंकले नव्हते; ज्या हाताने ते अडवले होते, त्याच हाताने ते सोयीचे ठरताच सोडले होते. पुढच्या वेळी सोयीचे ठरले नाही, तर? आणि डॉक्टरांचा प्रश्न ‘पाणी वाईट आहे का’ एवढाच कुठे होता? तो ‘केव्हापासून’ असाही होता.

“पहिल्या नमुन्याची तारीख घातली तर करते,” मी म्हणाले.

साहेबांनी लेखणी परत घेतली आणि एकट्याचीच सही केली.

गुरुजी चारच्या सुमारास आले. उत्तर त्यांनी खिडकीपाशी उभे राहून वाचले, मग पुन्हा वाचले. “हे कालच्या पाण्याचं झालं. मी आधीच्या नमुन्याचं विचारलं होतं.”

“गुरुजी, टँकर आला की,” लिपिक म्हणाले. “आता जुन्या पाण्याचं काय लोणचं घालताय?”

“ते पोरांच्या पोटात आहे,” गुरुजी म्हणाले.

मी टेबलाशी उभी राहिले. “संक्रांतीच्या आठवड्यात घेतला होता. त्यातही क्रोमियम होतं.” माझा आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. आत साहेबांची खुर्ची सरकल्याचे ऐकू आले.

गुरुजींनी बोटांवर महिने मोजले आणि मोजता मोजता थांबले. “लिहून द्याल?”

“त्याला सरकारी किंमत नाही, गुरुजी. कार्यालयाचा शिक्का मिळणार नाही.”

“डॉक्टरला शिक्का नकोय.”

मी कोरा कागद ओढला. वर तारीख लिहिली, मग नमुना कधी आला, तो कशासाठी तपासला, किती आढळले, हे क्रमाने लिहू लागले. साहेब दारात येऊन उभे राहिले होते. “मॅडम,” ते म्हणाले.

मी आधी वाक्य पूर्ण केले.